पेटी दुसऱ्याची

बालाघाट,
१२ फेब्रुवारी २०२५

श्री. हेमराज महागू बहेकार यांस,
गुढियारी, रायपूर.

स. न. वि. वि.

आपली माझी ओळख नाही असं धरून लिहितो. मी शालिकराम बहेकार, निवृत्त मुख्याध्यापक. कामापुरतं लिहितो, उत्तरही कामापुरतंच हवं.

माझी मुलगी श्रुतिका हिचं लग्न येत्या अक्षय तृतीयेला आहे. जावयाला घड्याळ द्यायची आमच्याकडे पद्धत. मला वाटलं होतं की इथल्याच बाजारात एखादं बरं पाहू, पण होणारे जावई रजतराव यांनी मोबाईलवर चित्र दाखवलं आणि खाली परदेशी नाव. किंमत इथे लिहीत नाही, माझ्या पत्नीला, अनुसयेलासुद्धा, खरी सांगितलेली नाही. नागपूरच्या मोठ्या दुकानातून मागवलं, ते परवा कुरिअरनं आलं.

घड्याळ बरोबर आहे. पांढरी तबकडी, स्टीलचा पट्टा, कोरं करकरीत. पेटी मात्र चुकीची आहे. चित्रात निळी होती, आली तपकिरी चामड्याची, तीही हाताळलेली. घड्याळाच्या पाठीवर एक नंबर आणि पेटीवर दुसराच. आतल्या उशीला मधोमध खळगा पडलेला. सोबत छोट्या कापडी पिशवीत पट्ट्याच्या आठ सुट्या कड्या, त्या आमच्या घड्याळाच्या नाहीत. उशी उचलून पाहिली तर खाली घडी घातलेली पावती, तिच्यावर आपलं नाव, आपल्या वडिलांचं नाव आणि आपला पत्ता. तारीख २० जानेवारी.

दुकानात फोन केला. तिथली बाई फार गोड बोलली. "सर, उन कस्टमर की घड़ी पट्टा छोटा करने आई थी, पैकिंग में अदला-बदली हो गई होगी." एवढं बोलून तिनं मलाच धन्यवाद दिले. म्हणजे आमची निळी पेटी आपल्याकडे गेली असणार. ती पाठवावी, मी आपली पाठवतो. रामपायलीच्या व्याह्यांपुढे दुसऱ्याच्या पेटीत घातलेलं घड्याळ ठेवलं तर गावभर होईल की मास्तरानं जुनं उचललं.

जाता जाता एक. आमच्या घरातही हेमराज महागू बहेकार नावाचा एकजण होता. माझा धाकटा भाऊ. तो आता नाही. आपण दुसरे कुणी असाल तर या चार ओळींकडे लक्ष देऊ नये.

आपला,
शा. म. बहेकार


बालाघाट,
२२ फेब्रुवारी २०२५

हेमराज,

श्रुतिकानं मोबाईलवर पाहून सांगितलं की पत्र पंधरा तारखेलाच पोचलं आणि ज्याचं त्यानं स्वतः घेतलं. सात दिवस झाले. चौथीत माझ्या वर्गात होतास तेव्हाही गृहपाठ केला नसला की असाच तोंड शिवून बसायचास. म्हणून आता आपण-बिपण सोडून देतो.

मुद्दाम मराठीत लिहितो आहे. पोरांचं सगळं हिंदीत चालतं, मराठीचं पान समोर उघडं पडलेलं असलं तरी ती दुसऱ्या ओळीला कंटाळतात. घरात मराठी नीट वाचणाऱ्या दोघीच, एक अनुसया आणि दुसरी तुझी मंडळी. दोघींना या पत्रांचं सांगितलेलं नाही.

आता घड्याळाचं ऐक. याला चावी नाही, सेल नाही. हातावर असलं की हाताच्या हालचालीनं चालतं, काढून ठेवलं की दोन दिवसांत बंद पडतं. तसं पुस्तिकेतच छापलं आहे. मी ते आलं त्या दिवशी तुझ्या पेटीत ठेवलं, पेटी कपाटात ठेवली आणि किल्ली करदोट्याला अडकवली. चौथ्या दिवशी उघडलं तर चालू होतं. रेडिओच्या वेळेशी लावून पाहिलं, मिनिटाचा फरक नव्हता.

काली पुतली चौकात पुनाराम घड्याळवाला आहे, त्याच्याकडे घेऊन गेलो. त्यानं कानाला लावलं.

"गुरुजी, कोनाच्या हातात होतं हे?"

"कुणाच्याच नाही. कपाटात होतं."

"असं कसं होईन जी? हे हातावर असन तरच चालते. कोनीतरी घालून राह्यलं."

मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे आहे. तो म्हणाला, मंग तुमीच झोपेत घालत असान. त्याला विनोद सुचला, मला काही हसू आलं नाही. घरी येऊन विज्ञानाचा मास्तर करतो ते केलं. पेटीबाहेर कोनाड्यात ठेवलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद. न हलवता उचलून तुझ्या पेटीत ठेवलं, सकाळी चालू. तीनदा केलं, तीनदा तेच.

त्या आठ कड्याही पुनारामला दाखवल्या. त्यानं अंगठा आणि बोट जुळवून घेर करून दाखवला. "इतक्या काढल्यावर जे उरते ना गुरुजी, ते मानसाचं मनगट नाई. काडीवर बसन." तुझं मनगट माझ्या दीडपट होतं. उकव्याच्या खाणीत आठ वर्षं दगड फोडलेला हात तो. इतकी वर्षं तू काय खाऊन राहिलास कोण जाणे.

तुला एक सांगायला हवं. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. तू गेल्याला दिवाळीला बारा वर्षं झाली. रजतरावांच्या आजीनं अट घातली की बारा वर्षं बेपत्ता माणसाची क्रिया न केलेल्या घरातली मुलगी आम्ही आणणार नाही. १९ जानेवारीला वैनगंगेच्या घाटावर तुझी क्रिया केली. तुझा पुतळा केला, पळसाची तीनशे साठ पानं, डोक्याच्या जागी नारळ, हातापायांना काड्या. तुझा जुना सदरा घातला. अग्नी मी दिला. तुझ्या मंडळीच्या बांगड्या तिथेच उतरवल्या.

तू जिवंत आहेस हे आम्हाला कुठून माहीत असणार?

पावतीवरची तारीख त्याच्या दुसऱ्याच दिवसाची आहे. मी ती रोज एकदा काढून पाहतो.

शालिक


बालाघाट,
४ मार्च २०२५

हेम्या,

तेही पत्र पोचलं, तेही तूच घेतलंस. उत्तर नाही.

मागच्या पत्रात शेवटाला एक वाक्य मी खोटं लिहिलं. ते खोडून पत्र पुन्हा लिहायला हवं होतं, पण पाकीट बंद केलं आणि टाकून दिलं. आता खरं लिहितो. मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, मी तुमसरहून कटंगीच्या बसमध्ये बसलो होतो. खिडकीजवळ. तू खाली उभा होतास, खांद्याला खाकी थैली, मान वर करून बसवरची पाटी वाचत होतास. केस पांढरे झाले होते तरी तू वाचताना ओठ हलवतोस ते काही बदललं नव्हतं. कंडक्टरला काहीतरी विचारलंस. मी खाली वाकलो आणि चपलेचा पट्टा नीट करत बसलो. पट्टा नीटच होता. बस हलेपर्यंत मी मान वर केली नाही.

काहून, असं तू विचारशील. रागानं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. बाबांच्या तेरवीला तू पिऊन आलास, पंगतीत मी तुझ्या मुस्काटात मारली, आणि तुझ्या बायकोसमोर म्हणालो की जिता आहेस तोवर या घरात पाय टाकू नको. तू तसाच उष्ट्या हातानं निघून गेलास. पण तुमसरला राग नव्हता रे. लाज वाटली मला. तू परत आला असतास तर दहा वर्षं गावाला जे सांगत आलो, की हेमराज स्वतःच्या मर्जीनं गेला, ते सगळ्यांसमोर खोटं पडलं असतं. बायकोला पायरीवर बसवून वाट पाहायला लावलं ते तू नाही, मी, हे निघालं असतं. नंतर क्रियेची गोष्ट निघाली तेव्हा मी एकदाही नाही म्हटलं नाही. मास्तर माणूस, पूजेचं साहित्य यादी करून आणलं.

आता मी तुला परत ये म्हणतो. हसू नको. शास्त्र विचारून ठेवलं आहे, अर्थात कुणाचं नाव न घेता. क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालतात. तुपानं न्हाऊ घालतात, बारसं करतात, आणि त्याचं त्याच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावतात. बासष्टाव्या वर्षी मी तुझं बारसं करायला तयार आहे. लोक हसतील, हसू देत.

पेटीचं राहू दे. एक ओळ लिही. जिवंत आहे, एवढी दोन अक्षरंसुद्धा चालतील. तुझ्या मंडळीला सांगायला माझ्या हातात काहीतरी हवं. ती अजून संध्याकाळचं ताट वाढताना एक भाकर जास्त थापते आणि सकाळी गाईला घालते.

घड्याळ चालूच आहे.

शालिक


बालाघाट,
१७ मार्च २०२५

हेमराज,

पेटी आली. निळी, कोरी, नंबर अगदी बरोबर. मी त्या दिवशी पत्रिका वाटायला कटंगीला गेलो होतो. कुरिअरवाल्याकडून पार्सल तुझ्या मंडळीनं घेतलं, आणि वर पाठवणाऱ्याचं नाव वाचून तिनंच फोडलं. मी घरी आलो तेव्हा ती माजघराच्या दारात उभी होती, पदर नाकापर्यंत. पंचवीस वर्षांत ती माझ्याशी समोरासमोर बोललेली नाही, जे बोलायचं ते अनुसयेमार्फत. त्या दिवशी स्वतः बोलली.

"भाऊजी, हे अक्षर त्यायचंच हाय ना जी?"

चिठ्ठी माझ्या हातात दिली. अक्षर तुझंच. मीच पाटीवर हात धरून घटवलेलं. ठचं पोट तू कधी बंद केलं नाहीस, इथेही उघडंच आहे. एकच ओळ:

पेटी पाठवली. आनंदीले पाठवून द्या.

मी खुर्चीवर बसलो. अनुसयेनं पाणी आणलं. मग मला सगळं सांगावं लागलं, पावती, पत्रं, तुमसरची बस. बस सांगताना मला वाटलं होतं की ती रडेल किंवा मला शिव्या देईल, आणि दोन्हींची मी तयारी केली होती. तिनं फक्त विचारलं, "त्यायची थैली कशी होती? भरली होती का रिकामी?" मी म्हटलं, भरलेली. "मंग घरीच येऊन राह्यले होते," ती म्हणाली आणि आत गेली. त्यापेक्षा तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

आनंदी कोण, असं अनुसयेनं विचारलं. तुझ्या मंडळीनं आतूनच उत्तर दिलं. "मीच. लग्नात तांदळाचं ताट सांडलं होतं ना, माझं नाव लिहायचं राह्यलंच. आता पुन्हा लग्न लावा लागते म्हनता, मंग नाव बी नवंच ठेवलं त्यायनं." तिच्या आवाजात काय होतं ते मी लिहू शकत नाही. मी तिला एवढी खूश कधी ऐकलेली नाही.

म्हणून मी गप्प बसलो. तुला मात्र सांगतो.

घाटावर, अग्नी द्यायच्या आधी, महाराज म्हणाले की याच्या कानात तीन नावं सांगा. त्याचं स्वतःचं, बापाचं आणि बायकोचं. बायकोचं नाव सांगून म्हणायचं, ही तुझी होती, आता नाही. म्हणजे बंध सुटतो, नाहीतर तो तिच्यासाठी मागे फिरतो. मी वाकलो. नारळाला पान गुंडाळून कान केला होता, त्याला तोंड लावलं. तुझं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं. तिचं नाव काही तोंडातून निघेना. मी तिचा भासरा. धाकट्या भावाच्या बायकोचं नाव घ्यायचं नाही, तिच्या सावलीवर पाय द्यायचा नाही, हे मी जन्मभर पाळलं. या चार पत्रांत तरी तिचं नाव कुठे लिहिलं आहे का, पाहा. मागे सगळे उभे होते, महाराज मंत्र म्हणत होते, लाकडं रचून झाली होती. मी तोंडाला येईल ते एक नाव सांगून टाकलं. घरात, नात्यागोत्यात कुणाचंच नाही असं.

आनंदी म्हणालो.

कुणालाच ऐकू गेलं नाही. मी कुणालाच सांगितलं नाही. मला ते माहीत होतं, आणि ज्याच्या कानात सांगितलं त्याला.

हेमराज, याला एखादं साधं कारण असेल तर ते लिही. तिला तू खोलीत एकांतात आनंदी म्हणायचास, असं लिही. ती नाही म्हणते, तू तिला नेहमी "ऐक वो" म्हणायचास म्हणते, पण बायका सगळं सांगत नाहीत. तिथे तू कुणाशी दुसरा पाट लावला असशील आणि तिचं नाव चुकून लिहिलं असशील, तर तेही लिही. मी रागावणार नाही, पेढे वाटीन.

रस्त्यानं दोन्ही बाजूंना पळस फुलले आहेत, झाडांवर पान म्हणून नाही. कटंगीला जाताना मी बसमध्ये डोळे मिटून बसतो.

शालिक


गोंदिया स्टेशन,
१९ मार्च २०२५, दुपारी पावणेदोन

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. पुढच्या गाडीनं मी रायपूरला येतो आहे आणि दार वाजवायच्या आधी ते दाराखालून आत सरकवणार आहे. आधी वाच, मग काय करायचं ते कर.

तुझी मंडळी आज सकाळी निघाली. मी अंघोळीला गेलो होतो. अनुसया म्हणते, तिनं काल बाजारात जाऊन हिरव्या बांगड्या भरल्या, आज लग्नातला शालू नेसली आणि देवाला नमस्कार करून गेली. मोबाईल घरीच ठेवला. कपाटाचं कुलूप तसंच होतं, किल्ली माझ्या कमरेला होती. आत तपकिरी पेटीही नाही आणि घड्याळही नाही. अनुसया म्हणते, जाताना तिच्या हातात एक लहान पिशवी होती. ती कपाटाजवळ गेलीच नाही, असंही म्हणते. मी तिला दोनदा विचारलं.

तुझ्या मंडळीला नावाचं सांगायला मला दोन दिवस होते. परवा संध्याकाळी ती अंगणात तांदूळ निवडत होती, गुणगुणत होती. मी दोनदा तिच्यापाशी जाऊन खाकरलो आणि दोनदा परत आलो. तिची एवढीशी खुशी आणि मी दोन दिवस ती मोडू शकलो नाही. तुला बारा वर्षं घराबाहेर ठेवताना मला इतकं जड गेलं नव्हतं.

आज सकाळी दुकानातही फोन लावला. त्या बाईला विचारलं, घड्याळाचा पट्टा छोटा करायला कोण आलं होतं, कसा दिसत होता. तिनं वेळ घेऊन कुणालातरी विचारलं. "सर, स्टाफ को चेहरा याद नहीं. बोल रहे हैं, पूरी बाँह की कमीज़ थी, हाथ बाहर नहीं निकाला. घड़ी कपड़े के ऊपर से ही नपवाई."

तू जिवंत असशील, हेम्या, तर पुढचं जे लिहितो त्याला माफी नाही. आधी तुला घराबाहेर काढलं, मग बसच्या खिडकीतून टाळलं, मग जाळलं, आणि आता तुझी बायको तुझ्या दारात नवरी होऊन उभी असताना तुला पुन्हा एकदा मेलेला ठरवतो आहे. तू जिवंत असशील तर हा कागद तिला वाचून दाखव, मला दारातून हाकलून दे आणि दोघं सुखानं राहा. मी तसाच परत जाईन, कुणाला काही सांगणार नाही. देवा, असंच होऊ दे, एवढंच मी सकाळपासून म्हणतो आहे.

पण तू तो दुसरा, घाटावरचा पळसाच्या पानांचा असशील, तर तुला जे सांगायचं राहिलं ते आता नीट सांगतो. मांडीवर कागद ठेवून लिहितो आहे, अक्षर वाईट आलं आहे, पण तू लावून वाच.

तिचं नाव आनंदी नाही. तिचं नाव चंपा आहे. महागू बहेकारांची धाकटी सून, चंपाबाई.

चंपा तुझी होती. आता नाही. तिला उंबऱ्याच्या आत घेऊ नको.